गंजलेल्या जीपची चासी : विक्रोळीच्या अंगणात एक हंगाम



आपल्या कार्यक्षेत्रात अशी वाडी-वस्ती विरळाच, जिथे गोठ्यामागे, बाभळीखाली किंवा बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या आडोशाला एखादी जुनी जीप उभी नाही. टपाचे कापड केव्हाच उडालेले असते, टायर जमिनीत रुतलेले, आणि आत कोंबडीने अंडी घातलेली. मालक म्हणतो, "वडिलांची आहे, विकवत नाही." भंगारवाला म्हणतो, "किलोवर देऊन टाका, जागा मोकळी होईल." हा वाद वर्षानुवर्षे चालतो आणि तोवर गंज आपले काम बिनबोभाट करीत राहतो.

आम्हा चुलत भावंडांच्या वाट्याला अशीच एक जीप आली. फरक एवढाच की ती वस्तीवर नव्हती, मुंबईला विक्रोळीत होती. तिची चासी आम्ही गेल्या हिवाळ्यात घरच्या अंगणात दुरुस्त केली. त्या कामात जे कळले ते जीपपुरतेच उपयोगाचे असते तर इथे लिहिले नसते. आपली उसाची ट्रॉली, टायरगाडी, पाण्याचा टँकर या सर्वांच्या पोटाखाली तेच लोखंड असते आणि त्याला तोच रोग लागतो. म्हणून हा लेख.

जीप आणि कारखाना, दोघे एका वयाचे

थोडा मागचा इतिहास सांगितला पाहिजे. जीप ही दुसऱ्या महायुद्धातली गाडी. अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. चारही चाकांना जोर, वजनाला हलकी, आणि बिघडली तर साध्या पान्याने उघडता येणारी, असा तिचा लौकिक.

आपल्याकडे १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी एक कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. अमेरिकेतून सुटे भाग आणून १९४९ साली मुंबईत माझगावला जीप जोडली जाऊ लागली. पुढे एकेक भाग इथेच बनू लागला, आणि मुंबईच्या उपनगरात कांदिवलीचा कारखाना म्हणजे जीप व ट्रॅक्टरचे माहेर झाले.

आता सालांचा मेळ पाहा. प्रवरानगरचा पहिला सहकारी साखर कारखाना नोंदला गेला १९४८ साली, आणि त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. म्हणजे सहकारी साखर आणि देशी जीप या बरोबरीच्या बहिणी. ज्या काळात पाणंदीतून बैलगाडीशिवाय काही जात नव्हते, त्या काळात शेतकी अधिकारी, चिटबॉय आणि संचालक मंडळी जीपनेच फडावर पोचली. उंच बॉनेटची जी जीप आपण सर्वजण ओळखतो, ते अमेरिकेतले १९५३ सालचे मॉडेल. नवे इंजिन उंच होते म्हणून बॉनेट उंच करावे लागले. अमेरिकेने ते १९६८ साली थांबविले, आपल्याकडे मात्र ते पुढेही बरीच वर्षे बनत राहिले.

आमची जीप त्याच घराण्यातली, १९७४ सालची, पेट्रोलवर चालणारी. आमचे धाकटे चुलते, आप्पा, नोकरीसाठी विक्रोळीला गेले आणि त्यांनी ती एका लिलावात घेतली.

विक्रोळीची हवा

विक्रोळी म्हटले की आपल्या लोकांना गोदरेजचे कपाट आठवते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लोखंडी मतपेट्याही तिथल्या कारखान्यात मोठ्या संख्येने बनल्या. लोखंडाला आकार देणारे हात त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगरकडची कितीतरी कुटुंबे या ना त्या कारखान्याच्या आधाराने तिथे स्थिरावली. आप्पाही त्यांतलेच. कन्नमवार नगरात तळमजल्याची जागा, पुढे जेमतेम एक गाडी उभी राहील एवढे अंगण.

पण लोखंड घडविणाऱ्या या गावाची हवाच लोखंडाची वैरीण. पूर्वेला ठाण्याची खाडी, काठाने खारफुटी, आणि थोडे उत्तरेला मिठागरे. संध्याकाळी जो वारा येतो तो ओला आणि खारा. चार महिने पाऊस, उरलेले आठ महिने दमट. त्या हवेत जीप अकरा पावसाळे एका जागी उभी राहिली, कारण आप्पांचे गुडघे गेले आणि गाडी चालविणे थांबले.

एवढ्यात इमारत पुनर्विकासाला निघाली. पावसाळ्याआधी जागा मोकळी करायची असे ठरले. म्हणजे आता निर्णय लांबविता येत नव्हता. एक भाऊ म्हणाला, "मोडीत काढा, येतील त्या पैशात दोन एकराचं ठिबक तरी बदलू." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आप्पा म्हणाले, "अरं, ठिबक दरसाली मिळंल. ही परत मिळायची न्हाई. पर एक आधी बघा. हाडं शाबूत असतील तरच हात लावा, न्हाईतर मीच भंगारवाल्याला बोलावतो."

गाडीची हाडे म्हणजे चासी. बाकी पत्रा बदलता येतो, इंजिन बदलता येते. चासी गेली तर गाडी गेली. तेव्हा भावाभावांत असे ठरले की चासीने निकाल द्यावा.

पहिली तपासणी कागदाची

हातोडी हातात घेण्यापूर्वी आम्ही आर.सी. बुक घेतले. कित्येक सभासद इथेच फसतात. हजारो रुपये खर्चून गाडी उभी करतात आणि नंतर कळते की कागदावरचा मालक वारून वीस वर्षे झाली, वारसाची नोंद नाही, किंवा चासी नंबर जुळत नाही.

खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. २०२२ पासून त्याची फी बरीच वाढली आहे, वर पर्यावरण कर वेगळा. ५० वर्षांहून जुन्या गाडीसाठी २०२१ साली केंद्र सरकारने वेगळी 'व्हिंटेज' नोंदणी सुरू केली. नव्या नोंदणीची फी त्या वेळी २०,००० रुपये ठरली. मात्र गाडी मूळ रूपात असली पाहिजे, आणि अशा गाडीने रोजचा वापर किंवा धंदा करता येत नाही. प्रदर्शनाला, मिरवणुकीला नेण्यासाठी ती ठीक. ज्याला शेताच्या वाटेवर जीप फिरवायची आहे, त्याच्या ती कामाची नाही. म्हणून आम्ही साध्या नूतनीकरणाचा मार्ग धरला.

दोन गोष्टी गाठीला बांधाव्यात. चासीवरचा ठोकलेला नंबर घासू नये, कापू नये, त्यावर वेल्डिंग करू नये. गंज काढतानाही त्या जागी फक्त हाताने, मऊ ब्रशने काम करावे आणि आधी-नंतर फोटो काढून ठेवावेत. दुसरे, मूळ बनावटीत मनाप्रमाणे बदल करू नये. चासी लांब करणे, इंजिन बदलून दुसरेच घालणे, हे परवानगीशिवाय चालत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ त्यासाठीच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये त्यावर स्पष्ट निर्णय दिला आहे.

गंज म्हणजे काय, आणि तो लपतो कुठे

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू, हे तिघे एकत्र आले की गंज चढतो. मीठ स्वतः गंज करीत नाही, पण मिठाचे पाणी वीज चांगली वाहते, त्यामुळे तीच क्रिया झपाट्याने होते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणून दोन पट्ट्यांच्या सांध्यात गंज शिरला की तो पाचर मारल्यासारखा सांधा फाकवतो. भिंतीत पिंपळ उगवावा तसा.

वरून दिसणारा तांबूस गंज फारसा धोक्याचा नसतो. धोक्याचा असतो तो बंद पोकळीतला. जीपच्या चासीची मुख्य पट्टी बहुतेक ठिकाणी उघड्या नाळीसारखी असते, पण जिथे ती पट्टी मारून पेटीसारखी बंद केलेली असते, तिथे आत चिखल साचतो. पाटे टांगण्याच्या ब्रॅकेटमागे, आडव्या दांड्यांच्या सांध्यात, बॉडी जिथे रबरावर टेकते तिथे, आणि मागच्या आडव्या दांड्यात, जिथे ट्रॉलीचा हूक लागतो, तिथेही तसेच.

परीक्षा सोपी आहे. लहान हातोडी घ्यावी आणि दर चार बोटांवर टिचकी मारीत जावे. चांगले लोखंड घंटेसारखे वाजते. कुजलेले लोखंड बद्द आवाज देते, मडके फुटके निघावे तसे. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने फुली मारावी आणि टोकदार पंचने टोचून पाहावे. पंच आत गेला तर तो भाग कापावाच लागणार.

आमच्या चासीवर तेवीस फुल्या पडल्या. त्यांतल्या चौदा नुसत्या वरवरच्या निघाल्या. आठ जागा पातळ झालेल्या. आणि एक जागा अशी, की तिने सगळ्यांची बोलती बंद केली. डाव्या मागच्या पाट्याच्या ब्रॅकेटजवळ कोणे एके काळी कोणा गॅरेजवाल्याने जाड पट्टी ठिगळासारखी मारली होती. वरून पाहता काम मजबूत. ती पट्टी काढली तर खाली मुख्य पट्टीला चार बोटे लांब चीर. गंजावरच पट्टी मारल्यामुळे आत पाणी धरून राहिले आणि चीर वाढत गेली. तशीच गाडी ओढून गावाकडे नेली असती तर घाटात पाटा सुटला असता. पुढचे सांगायला नको.

तरीही मुख्य पट्ट्या एकंदरीत शाबूत होत्या. चासीने निकाल आमच्या बाजूने दिला.

खोलण्याचे काम

बॅटरी, पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचे पाइप आधी काढले. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ असते, ती भरलेल्या टाकीपेक्षा घातक. ती टाकी अंगणातच ठेवली नाही. मग बॉडी उतरविली, इंजिन आणि गिअर बॉक्स बाहेर काढला, एक्सल सुटे केले. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विश्वास ठेवला नाही. चारी बाजूंना लोखंडी घोड्या लावल्या. विटांची चवड कधीही लावू नये, वीट फुटते तेव्हा आधी सांगत नाही.

प्रत्येक बोल्ट डब्यात, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. मुलांनी मोबाइलवर फोटो काढून ठेवले, त्याचा फार उपयोग झाला. गंजलेल्या नटाला आदल्या रात्री तेल सोडून ठेवायचे, सकाळी आधी थोडा आवळायचा आणि मग सैल करायचा, ही आप्पांची युक्ती. नुसत्या जोराने बोल्ट तुटतो.

मोकळी चासी चार माणसांनी उचलली. दोन चाकांच्या मधले अंतर ८० इंच, म्हणजे गडी छोटाच. त्यामुळेच हे काम घरच्या अंगणात झाले. सोसायटीच्या मंडळींना आधी विचारले, दुपारी एक ते चार ग्राइंडर बंद ठेवायचे ठरले, आणि रविवारी सकाळी शेजारचे लोक खुर्च्या टाकून पाहायला बसू लागले.

गंज काढण्याचे उपाय, आणि आपली मळी

पहिली पायरी गोड्या पाण्याने धुण्याची. याला लोक कमी लेखतात. खाऱ्या हवेतल्या लोखंडावर मीठ बसलेले असते. ते न धुता घासले आणि रंग दिला तर वर्षभरात रंगाखाली फोड येतात. आम्ही साबणाचे पाणी आणि मग भरपूर गोडे पाणी वापरले, दोनदा.

नंतर खरवडणी, छन्नी, वायर ब्रश, ग्राइंडर. जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून तोंडाला चांगला मास्क, डोळ्यांना चष्मा, आणि लहान मुले दूर. वाळूचा मारा करून गंज काढतात, पण नदीच्या वाळूची बारीक धूळ फुप्फुसात कायमची बसते. ते काम घरी करू नये. ज्याच्याकडे बंद खोली आणि योग्य माल आहे त्याच्याकडूनच करून घ्यावे. फरशी धुण्याचे ॲसिड तर मुळीच नको. ते सांध्यात शिरून राहते आणि आतून पुन्हा खाते. शिवाय कडक पोलादाचे बोल्ट आणि पाटे त्याने ठिसूळ होतात.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. जगभर जुन्या गाड्या दुरुस्त करणारे हौशी लोक लहान भागांचा गंज कशाने काढतात? मळीने! एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी. त्यात शॅकल, ब्रॅकेट, बोल्ट बुडवून ठेवायचे. दोन आठवड्यांच्या सुमारास गंज विरघळतो आणि खालचे लोखंड बऱ्यापैकी जसेच्या तसे राहते. मळीतले सेंद्रिय पदार्थ लोखंडाचे अणू गंजातून पकडून पाण्यात नेतात. वेळ लागतो, वास येतो, पण हात जळत नाही.

आम्ही मळी वापरली नाही. मळी ही राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या नियंत्रणाखालची वस्तू आहे, ती परवान्यावाचून ने-आण करण्याची नव्हे. सभासदांनी कारखान्यावर येऊन "एक कॅन द्या" असे म्हणू नये! आम्ही गावाकडून खराब झालेला काळा गूळ नेला आणि प्लॅस्टिकच्या पिंपात त्याचे पाणी केले. गुळाचे पाणी लोखंडाला लागते हे आपल्या देशातले जुनेच ज्ञान आहे. आंध्रातले कलमकारीचे कारागीर गूळ आणि मोडके लोखंड पाण्यात आंबवूनच काळा रंग करतात. म्हणजे फार दिवस ठेवले तर चांगले लोखंडही थोडे जाते. दर तीन-चार दिवसांनी भाग काढून, धुऊन पाहावे. पिंपाला घट्ट झाकण हवे, डास आणि मुले दोघांसाठी. अॅल्युमिनियमचे भाग त्यात टाकू नयेत. आणि ते वापरलेले पाणी जनावरांच्या तोंडी लागता कामा नये, गोड वासाने ती येतात.

भाग बाहेर काढला की लगेच गोड्या पाण्याने धुवावा, उन्हात तापवून कोरडा करावा आणि त्याच दिवशी प्रायमर द्यावा. स्वच्छ लोखंड विक्रोळीच्या हवेत एका रात्रीत पुन्हा तांबूस होते.

माप आणि वेल्डिंग

घराचा पाया आखताना गवंडी गुण्या लावतो आणि कोनाकोनी दोरी धरतो. दोन्ही कर्ण सारखे तर पाया काटकोनात. चासीचेही तसेच. घोड्यांवर चासी सपाट ठेवली, पाट्यांच्या भोकांतून ओळंबे सोडले, खाली फरशीवर खडूने खुणा केल्या, आणि खुणांमधले कर्ण मोजले. फरक पाव इंचाच्या आत निघाला. हे माप वेल्डिंगच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा घ्यावे, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने लोखंड ओढले जाते. ज्याची चासी मुळातच वाकडी, त्याने पुढे जाऊ नये. ती गाडी रस्त्यावर खेकड्यासारखी चालते.

वेल्डिंग आम्ही स्वतः केले नाही. ग्राइंडर आम्ही चालविला, पण रॉड धरायला कारखान्यातून निवृत्त झालेले मिस्त्री बोलाविले. ते म्हणाले, "रंग घरचा चालंल, टाका घरचा चालायचा नाही." हे वाक्य लिहून ठेवण्यासारखे आहे.

त्यांची रीत येणेप्रमाणे. कुजलेला भाग चांगले लोखंड लागेपर्यंत कापायचा, गंजावर पट्टी मारायची नाही. नवी पट्टी मूळ शाबूत जाडीइतकीच, उगाच दुप्पट जाड नको, कारण जाड आणि पातळ जिथे मिळतात तिथे पुढची चीर पडते. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडायचे म्हणजे ती पुढे सरकत नाही, मग चीर व्ही आकारात खोदून भरायची. वर आधाराची पट्टी द्यायची ती चौकोनी नाही, दोन्ही टोकांना निमुळती, पतंगासारखी, म्हणजे ताण एका सरळ रेषेत येत नाही. रॉड कोरडे शेकून घ्यायचे. एका जागी सलग ओढायचे नाही, थोडे इथे, थोडे तिथे. आणि पाट्याला कधीही वेल्ड करायचे नाही. पाटा तुटला तर बदलायचा.

सुटे सामान कुर्ल्याच्या जुन्या बाजारात फिरून मिळाले. मात्र ब्रेकचे पाइप, सिलिंडरची रबरे आणि स्टिअरिंगचे सांधे नवेच घेतले. जिवाच्या वस्तूत जुनेपणाचे कौतुक नको.

रंग

नोव्हेंबरमध्ये सुरुवात केली आणि रंगाला फेब्रुवारी उजाडला. म्हणजे इकडे कारखान्याचा हंगाम आणि तिकडे आमचा, बरोबरच चालले. पावसाळ्यात चासी रंगवू नये. हिवाळ्यातही सकाळी लोखंडावर दव असते. ते हाताला दिसत नाही, पण रंगाला कळते. दहाच्या पुढे ऊन लागून लोखंड कोमट झाले की रंग द्यावा आणि चारला थांबावे.

खड्ड्यांत जो गंज राहतोच त्यावर फॉस्फोरिक ॲसिडचे तयार द्रव्य लावले. त्याने गंजाचा काळसर थर होतो. त्यावर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, मग काळा रंग, दोन हात. पुष्कळ लोक नुसते रेड ऑक्साइड लावून सोडून देतात. रेड ऑक्साइड हा अस्तराचा कपडा आहे, त्यावर वरचा रंग चढविला नाही तर तो पाणी झिरपू देतो.

बंद पोकळीत ब्रश जात नाही. तिथे लांब नळीने मेणाचे द्रव्य फवारले. चासीला खालून जी लहान भोके असतात ती पाणी निघण्यासाठी असतात, ती बुजवू नयेत. दर पावसाळ्याआधी तार घालून मोकळी करावीत. आपल्याकडे इंजिनचे जळके तेल फासण्याची पद्धत आहे. त्याने गंज थोडा थोपतो हे खरे, पण रबरी बुश खराब होतात, धूळ चिकटून चिखल होतो, आणि तेल शेवटी आपल्याच जमिनीत उतरते. मेण किंवा ग्रीस बरे.

आता आपल्या ट्रॉलीकडे

मार्चमध्ये चासी ट्रकवर घालून वस्तीवर आणली. आज ती स्वतःच्या एक्सलवर आणि पाट्यांवर उभी आहे. इंजिन बसायचे आहे, त्याला अजून एक हंगाम लागेल. नोंदणीचे नूतनीकरण होईपर्यंत ती रस्त्यावर उतरणार नाही. हिशेबाने पाहिले तर हा सौदा फायद्याचा नाही, हे सरळ सांगतो. एवढ्या श्रमात आणि पैशात जुनी चालती गाडी मिळाली असती. ठिबकवाल्या भावाचे म्हणणे आकड्यात बरोबरच होते. पण चासी आली त्या आठवड्यात त्याच भावाने हातोडी घेतली आणि आपल्या उसाच्या ट्रॉलीवर टिचक्या मारीत फिरला. पुढच्या दांड्याच्या सांध्यात, रिंगच्या मागे, बद्द आवाज आला. रंग खरवडला तर चीर. ती ट्रॉली आदल्या आठवड्यातच भरून कारखान्यावर आली होती, रात्री, पाठीमागे मोटारसायकलींची रांग घेऊन.

जीपने दिलेला नफा हा एवढा. आमच्या मते तो पुरेसा आहे.

ट्रॉलीला खाडीचा वारा लागत नाही असे म्हणून निश्चिंत राहू नका. म्युरेट ऑफ पोटॅश हे खतही एक प्रकारचे मीठच आहे, पोटॅशियम क्लोराइड. ज्या ट्रॉलीतून खत, शेणखत, प्रेसमड नेतो ती तशीच उभी केली तर विक्रोळीची हवा आपण आपल्या हाताने घरी आणली असे समजावे. उसाचा रस, माती आणि पाचटाचा ओला चुरा सांध्यात बसतो आणि उन्हाळाभर ओल धरून ठेवतो.

तेव्हा सभासदांना विनंती अशी की हंगाम संपला की ट्रॉली, टायरगाडी धुऊनच शेडमध्ये लावावी. दसऱ्याला हत्यारांची पूजा करतो, त्या दिवशी हळदकुंकवाआधी हातोडीची टिचकी मारावी. पुढचा दांडा, रिंग, हूक, पाट्यांचे ब्रॅकेट, एक्सलची पकड, एवढ्या पाच जागा तरी पाहाव्यात. आवाज बद्द आला तर जाणत्या मिस्त्रीला बोलवावे, गंजावर पट्टी मारू देऊ नये. आणि मागे लाल रिफ्लेक्टर लावावेत, ते रंगापेक्षाही स्वस्त पडतात.

ज्यांच्या गोठ्यामागे जुनी जीप उभी आहे त्यांनी आधी कागद पाहावेत, मग मुख्य पट्ट्या वाजवून पाहाव्यात. पट्ट्या शाबूत असतील आणि घरात हौस असेल तर पुढच्या हिवाळ्यात कामाला लागावे. पट्ट्याच कुजल्या असतील तर मन घट्ट करून ती अधिकृत मोडीत द्यावी, नोंदणी रद्द करून दाखला घ्यावा, आणि फार तर तिचे स्टिअरिंगचे चाक वडिलांची आठवण म्हणून भिंतीला टांगावे. दोन्ही निर्णय शहाणपणाचे आहेत. काहीच न करणे तेवढे शहाणपणाचे नाही.